फिरकीवरचा अंगठा

पूर्णगड,
६ नोव्हेंबर १९९९

चि. उन्मेष,

आशीर्वाद शेवटी देतो, आधी बोलणी खा.

धाकू परवा मस्कतहून सुट्टीवर आला, तुझं खोकं सुखरूप दिलंन. मासे गरवायची काठी झकास. रीळ तर दागिन्यासारखं, मामी म्हणाली देव्हाऱ्यात ठेवा. मी म्हटलं, थांब, आधी एक तांबोशी आणून देतो, मग कुठे ठेवायचं ते ठेव. काल सकाळी ओहोटी बघून किल्ल्याखालच्या कातळावर गेलो. रिळावर नायलॉनचा तंगूस भरला होताच, टोकाला शिसं बांधलं, बटण दाबलं आणि काठी मागे नेऊन दिलं भिरकावून. शिसं गेलं चार हात. इकडे रिळाची फिरकी गरगर फिरतच राहिली आणि पन्नास हात तंगूस तिच्यावर फुगून वर आला. दीड तास गाठी सोडवत बसलो. भरतीचं पाणी घोट्याला लागलं तरी मी आपला मान खाली घालून. जेटीवरून एक खारवी ओरडला, ‘गुरुजी, जाळं विणताय काय?’

तीस वर्षं पालीच्या शाळेत गणित शिकवलं मी. त्रैराशिक ज्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं त्यांच्याही शिरवलं. मला एक चक्र कळू नये? दुकानदाराने बिघडलेला माल तुझ्या गळ्यात मारलान, दुसरं काय!

काय ते सविस्तर लिही. फोन मात्र करू नको. आत्मारामच्या दुकानातल्या फोनवर एक वाक्य बोललं तर तिन्हीसांजेपर्यंत अख्ख्या पूर्णगडाला पाठ असतं.

तर आता आशीर्वाद.

तुझा मामा,
राजाभाऊ


मस्कत,
१९ नोव्हेंबर १९९९

ती. मामा,

नमस्कार. बोलणी खाल्ली, पोट भरलं.

रीळ चांगलं आहे रे. पहिल्या दिवशी सगळ्यांची हीच गत होते. इथल्या धक्क्यावर माझ्या शेजारी एक मल्याळी म्हातारा गरवतो, माझा गुंता बघून तो इतका हसला की त्याचीच कवळी पाण्यात पडायची बाकी होती. गंमत अशी, की शिसं पुढे जाताना हळू होतं, पण फिरकीला ते कळत नाही. ती आपल्याच नादात फिरते आणि नको तेवढा तंगूस सोडते. त्यालाच गुंता म्हणायचं. म्हणून तिला आवरायचं.

हँडलच्या बाजूला एक छोटी गोल चावी आहे बघ. शिसं टोकाला लोंबकळत ठेव आणि बटण दाब. शिसं धाडकन पडलं तर चावी आवळ. हळूहळू उतरलं पाहिजे, आणि ते जमिनीला टेकताक्षणी फिरकी थांबली पाहिजे. एवढं झालं की खळ्यातच सराव कर, समुद्रावर नको. वीस पावलांवर मामीचं सूप ठेव आणि त्यात टाक. आणि सगळ्यात मोठी गोष्ट अंगठा. अंगठा फिरकीवर टेकलेला पाहिजे, फेकतानाही आणि फेकल्यावरही. पिसासारखा हलका. सुटतंय वाटलं की जरा दाबायचा, शिसं पाण्याला लागलं की पुरता दाबायचा. ब्रेक कितीही असोत, खरा ब्रेक अंगठाच.

तुला हे मी शिकवावं ह्याचंच मला हसू येतं. बाबा गेल्यावर तुझ्याकडे राहायला आलो तेव्हा तू मला कातळावर डोळे मिटायला लावायचास. तंगूस बोटावर द्यायचास आणि विचारायचास, ‘सांग, शिंगटी की बोय?’ चुकलो की टपली. मासा बोटाने ओळखायचा असतो म्हणायचास. काठी-रिळाला तर तू ‘पांगळ्याची कुबडी’ म्हणायचास. मग ह्या वयात कुबडी का मागवलीस? खरं सांग.

तुझा,
उन्मेष


पूर्णगड,
३ डिसेंबर १९९९

चि. उन्मेष,

रीळ का मागवलं म्हणे! अरे, माणसाने साठीला टेकल्यावर नवीन काही शिकू नये असा सरकारी ठराव झालाय काय? तांबोशी आता कातळाजवळ येत नाही, मधल्या खोलात असते. हातदोरी तिथवर पोचत नाही. झालं समाधान?

चावी आवळली. शिसं तू म्हणतोस तसं उतरतं. मामीने सूप द्यायला कुरकुर केलीन, म्हणाली तांदूळ काय तुमच्या टोपीत पाखडू? शेवटी दिलंन. रोज सकाळी खळ्यात पन्नास फेकी. शिसं सुपात पडलं दोनदा, कढीलिंबात पाच वेळा, शेजारच्या गोदूबाईच्या वाळवणात एकदा. तिने उद्धार केलान तो लिहीत नाही. पण गुंता होतोच. पन्नासात चाळीस वेळा होतो!

म्हणून मी स्वतःच डोकं चालवलं. बाजूचं झाकण उघडलं, आत तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे गुटके दिसले. ते कोरडे ठणठणीत. सगळं यंत्र खोबरेलाने न्हाऊ घातलं. आता फिरकी अशी फिरते की थांबायचं नाव नाही.

मनस्विनीच्या मुलीचं, आमच्या नातीचं, बारसं परवा देवरुखला झालं. नाव ओवी ठेवलंय. गोरीपान आहे, नाक तुझ्या आईचं.

राजाभाऊ


मस्कत,
१५ डिसेंबर १९९९

ती. मामा,

खोबरेल!

अरे देवा, ते गुटके म्हणजेच ब्रेक. फिरकी जोरात फिरली की ते बाहेर सरकतात, कडीला घासतात आणि तिला आवरतात. त्यांना तेल लावलंस म्हणजे बैलगाडीच्या ब्रेकला लोणी लावलंस. खोबरेलाचा डबा दिसला की सगळं सुरळीत होतं हा आपल्या घराण्याचा समज आहे, दाराची बिजागरी असो की डोकं. सगळं उलगड, रॉकेलने धू, उन्हात वाळव, गुटके जुन्या धोतराच्या फडक्याने कोरडे कर. चोवीस तास थांब. मग बघ.

तरीही सुधारलं नाही तर अंगठ्याकडे बघ. माझं मत असं, की तू घाबरून फार दाबतोस किंवा उचलूनच धरतोस. अंदाज चटक्यावरून येतो. फिरकी जोरात सुटली आणि अंगठा जरा जास्त टेकला की कसा चटका बसतो! पहिल्या आठवड्यात माझा अंगठा तव्यावर ठेवल्यासारखा झाला होता, जेवताना आमटीत बुडवायची सोय नव्हती. पण त्या चटक्यानेच शिकवलं. तुझ्या पत्रात चटक्याचं काहीच नाही. बसत नाही का?

ओवीला माझा पापा. तू मांडीवर घेतलीस तेव्हा रडली का?

तुझा,
उन्मेष


पूर्णगड,
३० डिसेंबर १९९९

चि. उन्मेष,

रॉकेलने धुतलं, वाळवलं, पुसलं. फरक पडला, नाही असं नाही. पन्नासात चाळीसवरून तीस. पण तीस हा काय आकडा झाला? पस्तीस टक्क्यांना पास होतात, मी चाळीस टक्क्यांवर लटकलोय म्हणून पेढे वाटू?

अंगठा कसा ठेवायचा ते मला सांगू नको. पिसासारखा म्हणतोस, पिसासारखाच ठेवतो. डोळ्याने बघून ठेवतो. फिरकीकडे बघावं तर शिसं दिसत नाही, शिशाकडे बघावं तर अंगठा कुठे आहे ते राहून जातं. ही ह्या यंत्राची खोट आहे, माझी नाही. चटका-बिटका काही बसत नाही. कातडी जाड आहे माझी. आयुष्यभर खडू आणि गरी धरली, तुझ्यासारखं खुर्चीत बसून हात मऊ नाही केले.

परवा पुन्हा कातळावर गेलो. चार तासांत एक मासा लागला नाही. घरी येऊन रीळ धुवायला घेतलं तर फिरकीवरच्या तंगुसाला रक्ताचे डाग. माशाचं असणार. ते धुवून निघता निघेना.

आणखी काही उपदेश असेल तर पाठव.

राजाभाऊ


मस्कत,
११ जानेवारी २०००

मामा,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. एकाच पानावर तू लिहितोस की मासा एकही लागला नाही, आणि तंगुसाला माशाचं रक्त होतं. गणिताच्या मास्तरांनी असं लिहू नये.

रक्त कुणाचं, मामा?

मी इतके दिवस तुला हाताचं वळण शिकवत बसलो, मूर्खासारखा. तू म्हणतोस अंगठा डोळ्याने बघून ठेवतो. कुणी डोळ्याने बघून ठेवत नाही. मी अंधारातसुद्धा फेकतो, कारण अंगठा सांगतो. आणि तुझा अंगठा तर माझ्यापेक्षा शंभर पट शहाणा. पाण्याखाली तीन पुरुष खोल असलेल्या माशाने नुसतं नाक लावलं तरी तुला जात कळायची. त्या अंगठ्याला चटका बसत नाही म्हणतोस. आणि हातदोरी सोडून रीळ तूच मागवलंस.

एक कर. डोळे मीट आणि मामीला कापसाची वात घेऊन तुझ्या अंगठ्याला लावायला सांग. कधी लावायची, कधी नाही. तू फक्त ‘लागली’ म्हणायचं. दहापैकी किती बरोबर येतात ते मला कळव. तेवढंच कळव.

मला भीती वाटते आहे, लपवत नाही.

तुझा,
उन्मेष


पूर्णगड,
२४ जानेवारी २०००

उन्मेष,

तुला मासे धरायचं यंत्र मागितलं होतं, डॉक्टरकी नाही.

माझे हात माझे मी बघून घेईन. वाती-बिती देवापुढे लावतात, म्हाताऱ्याच्या अंगठ्याला नाही. तुझं पत्र चुलीत घातलं. मामीच्या हाती लागलं असतं तर बाईमाणूस उगाच घोर लावून घेतं. ह्या विषयावर पुन्हा एक अक्षर लिहिलंस तर तुझं पत्र न फोडता परत पाठवीन.

रीळ खोक्यात घातलं आहे. धाकू पंधरवड्याने परत निघतोय, त्याच्याकडे देतो.

राजाभाऊ


देवरूख,
४ फेब्रुवारी २०००

चि. उन्मेष यास मामीचे आशीर्वाद.

मी मनस्विनीकडे आले आहे, तिथून लिहिते. ह्यांना ठाऊक नाही. मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घे.

तुम्हां मामा-भाच्यांचं काय बिनसलंय मला सांगत नाहीत. तुझं मागचं पत्र आलं त्या दिवशी जेवले नाहीत. रीळ धाकूकडे दिलंनी नाही, बागेतल्या अवजारांच्या मांगरात आढ्याला टांगून ठेवलंनी आहे. गेल्या आठवड्यात एकदाच काढलंनी आणि कातळावर गेले. परत आले ते ओटीवर बसले, म्हणाले चहा टाक. मी चहाचा कप पुढे केला, त्यांनी हात पुढे केलानी, आणि मी बघते तर अंगठ्यात गरी रुतलेली! आरपार, उन्मेष. टोक नखाकडून बाहेर आलेलं. रक्त मनगटापर्यंत वाळलेलं. आणि हे मला विचारतायत, साखर कमी का घातलीस. मी किंचाळले तेव्हा खाली बघितलंनी. मग माझ्याकडे असं बघितलंनी, जणू मी चोरी करताना धरलं त्यांना. पक्कड आणून स्वतःच काढलंनी. हूं की चूं नाही.

मला वाटत होतं माझ्यावर रागावलेत. गणपती झाल्यापासून असंच चाललंय. जेवायला आत बसत नाहीत, ताट मांगरात घेऊन जातात. स्वतःचं ताट स्वतः घासतात, आंघोळीचा पंचा वेगळा ठेवलानी. झोपायला मांगरातच. उकडतं म्हणतात. थंडीत कसलं उकडतं? बारशाला सगळ्यांनी ओवीला घेतलंनी, ह्यांनी मांडीवर घेतलंनी नाही. हात मागे बांधून उभे. मनस्विनी त्या दिवशी रडली, म्हणाली मुलगी झाली म्हणून बाबांना आवडलं नाही.

चौतीस वर्षांत माझं काय चुकलं ते मी शोधत बसले होते. आता गरी बघितल्यापासून मला दुसरंच भय वाटतं. तुला काही ठाऊक असेल तर सांग. उत्तर इथे मनस्विनीच्या पत्त्यावर नको, घरीच लिही. आता मला लपवाछपवी नको.

तुझी मामी,
कमळा


मस्कत,
१६ फेब्रुवारी २०००

मामा,

न फोडता परत पाठवीन म्हणालास. म्हणून हे पाकीट मी मामीच्या नावाने पाठवतोय. मामी, तूच फोड, तूच वाच, आणि मग मामाला दे.

मामा, आई मला आप्पांची गोष्ट सांगायची. तुमचा काका. त्यांना महारोग झाला आणि घरच्यांनी त्यांना बागेतल्या मांगरात ठेवलं, मरेपर्यंत. ताट वेगळं, पंचा वेगळा. आई म्हणायची, रोज जेवण पोचवायला दादा जायचा. दादा म्हणजे तू.

आणि आता तूच त्या मांगरात जाऊन बसलास. कुणी घालवलं नाही तरी. आप्पाही तूच, आणि त्यांना लांब ठेवणारेही तूच!

मी इथल्या डॉक्टरांना विचारलं. नाव-गाव न सांगता. त्यांनी हात न बघताच सांगितलं, अंगावर फिकट चट्टा असेल, तिथे कळत नसेल. आहे ना? त्यांनी सांगितलं ते तसंच लिहितो. हा रोग आता पूर्ण बरा होतो. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. गोळ्या सुरू झाल्या की तुझ्यापासून कुणाला काही होत नाही, ओवीलासुद्धा नाही. पण हाताची शीर वेगळी. ती बधिर होऊन सहा महिन्यांच्या आत औषध मिळालं तर परत येऊ शकते. त्यानंतर बहुतेक नाही. बोटं वाकडी होतात ती मग तशीच.

गणपतीपासून मोज. तुला मोजता येतं.

वीस मार्चपर्यंत तुझं पत्र आलं नाही तर मी येतोय. नोकरी राहिली तर राहिली. आत्मारामच्या दुकानासमोरून, भर बाजारात, तुझा तोच हात धरून तुला एस.टी.त बसवीन. बघू दे अख्खं पूर्णगड.

तुझ्या हाताखाली वाढलेला,
उन्मेष


पूर्णगड,
८ मार्च २०००

चि. उन्मेष,

आशीर्वाद. ह्या वेळी आधीच देतो.

तुझं पत्र आलं तेव्हा मी बागेत होतो. मामीने वाचलंन. दुपारी मांगराच्या दारात आली ती दोन ताटं घेऊन. एक माझ्यापुढे ठेवलंन, दुसरं त्याला चिकटून, आणि बसली मांडी घालून. मी मागे सरकलो, ती पुढे सरकली. भिंत आली. मी ओरडलो, लांब हो, अक्कल आहे का. तर म्हणते, ‘मला वाटलं तुम्ही माझ्यावर रुसलात. एवढंच होतं तर आधी सांगायचं!’ एवढंच होतं म्हणे. मग माझ्या ताटातला भात उचलून खाल्लान. मला रडू आवरलं नाही. तुला सांगायला लाज वाटत नाही.

सगळं खरं आहे. गणपतीत आरतीचा पेटता कापूर अंगठ्यावर पडला. कातडी जळल्याचा वास आला तेव्हा कळलं. रात्री कंदिलाशी बसून अंग बघितलं, तर दंडावर चट्टा. मला नाव सांगायला डॉक्टर लागला नाही. मग हातदोरीवर मासा लागलेला कळेनासा झाला. वर्षानुवर्षं जे बोट बोलत होतं ते मुकं झालं. वाटलं, यंत्र असेल तर बोट लागणार नाही, तेवढंच गावाला कळायचं नाही. म्हणून कुबडी मागवली. आणि नशीब बघ, ती कुबडी पहिल्याच दिवशी अंगठा मागायला लागली. तू प्रत्येक पत्रात अंगठा, अंगठा लिहायचास आणि मला वाटायचं तुला कळलंय, तू मला चिडवतोयस.

आप्पाचं तुझ्या आईने अर्धंच सांगितलंन. मी सात वर्षांचा होतो. पत्रावळ दगडावर ठेवायची आणि पळत सुटायचं, अशी मला शिकवण होती. एकदा आप्पा आतून म्हणाला, ‘राजा, जरा थांब रे. शाळेत आज काय शिकवलंन तेवढं सांगून जा.’ मी थांबलो नाही. पुढे तीस वर्षं पोरांना शिकवलं, पण आप्पाला एक पाढा म्हणून दाखवला नाही. मला वाटत होतं, हे त्याचं फळ आहे आणि ते मुकाट भोगावं.

मामीने फळ-बिळ काही ऐकलंन नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने रत्नागिरीला. डॉक्टर पोरसवदा आहे, पण हात शेकहँडला आधी पुढे केलान. तपासणी काय केलीन माहीत आहे? पेन्सिलीच्या टोकाला तंगुसाचा तुकडा बांधलेला. म्हणाला, ‘गुरुजी, डोळे मिटा. टोचलं की सांगा.’ मी डोळे मिटून बसलो आणि वाट बघत राहिलो. थोड्या वेळाने तो म्हणाला, ‘उघडा.’ मी विचारलं, सुरुवात कधी करताय? तो म्हणाला, ‘अकरा वेळा टोचून झालं.’

रोग जाईल म्हणतो. अंगठ्याचं वचन देत नाही. सहा महिने भरायला आठवडा उरलाय, अगदी काठावर आलात म्हणाला. एका गोळीने लघवी लाल होते, दुसऱ्या औषधाने भूक राक्षसासारखी लागते. मामी खूश आहे.

मी घरात झोपतो आता.

तुझा मामा,
राजाभाऊ


मस्कत,
२१ मार्च २०००

मामा,

तिकीट रद्द केलं. पत्र वाचून बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, एवढंच लिहितो.

डॉक्टर हो म्हणेपर्यंत रीळ हातात घ्यायचं नाही. घेतलंस तर अंगठ्याला सायकलच्या ट्यूबचं टोपण घालून. आता मी तुला कधीच विचारणार नाही की कळतं का. कळलं तर तूच सांगशील. नाही कळलं तर बाकीचं लिही, ओवीचं लिही, गोदूबाईच्या शिव्या लिही. मला चालेल.

उन्मेष


पूर्णगड,
१९ जुलै २०००

चि. उन्मेष,

पाऊस मरणाचा आहे. खाडी लाल झाली आहे. गोळ्या चालू.

काल पाचव्यांदा पेन्सिल झाली. दहात दोनदा मी ‘टोचलं’ म्हणालो. मी आनंदाने उठणार तेवढ्यात डॉक्टर म्हणाला, त्या दोन वेळी मी टोचलंच नव्हतं. तुम्ही अंदाजपंचे बोललात.

परीक्षेत कॉपी करताना पकडलेल्या पोरासारखा बसलो होतो. मामी येताना एस.टी.त माझा हात मांडीवर घेऊन बसली होती. तेवढं मला दिसत होतं.

ओवी पालथी पडून पुढे सरकते. अजून उचलली नाही मी. डॉक्टर हो म्हणाला, मनस्विनी हो म्हणाली, मामी तर रोज म्हणते. माझा मलाच धीर होत नाही. हातात किती जोर लागतोय तेच कळत नाही, आणि पोर म्हणजे काय शिसं आहे?

राजाभाऊ


पूर्णगड,
२२ ऑक्टोबर २०००

चि. उन्मेष,

आज सकाळी जे झालं ते आजच लिहायला बसलोय. मामी म्हणते जेवून लिहा, मी म्हटलं जेवण कुठे पळून जातंय?

डॉक्टरने गेल्या महिन्यात परवानगी दिलीन, ट्यूबच्या टोपणासकट. पेन्सिलीचं मी तुला कळवलं नव्हतं. दहात तीन आले होते, ह्या वेळी खरे. पण तीन म्हणजे नापासच, म्हणून गप्प बसलो. आज ओहोटी चांगली होती. कातळावर गेलो. चावी बघून घेतली, शिसं हळू उतरतंय, टेकताच थांबतंय. गुटके कोरडे. चार फेकी टोपण घालून केल्या, चारही गुंता. वैताग आला. टोपण काढून खिशात टाकलं. रागावू नको. रागावलास तरी चालेल.

पाचवी फेक. वारा पाठीशी होता. काठी मागे नेली, अंगठा टेकवला, सोडलं. शिसं असं गेलं, उन्मेष, असं गेलं, जेटीच्या टोकाशी बरोबरी करून पुढे. मी डोळ्याने त्याच्याकडेच बघत राहिलो, फिरकी विसरलो. ती फुगायला लागली असणार. आणि अंगठ्यात सणसणीत कळ आली!

मी हात झटकला. काठी सुटून कातळावर आपटली, पाव तंगूस फिरकीवर चढला, आजवरचा सगळ्यात मोठा गुंता. आणि मी अंगठा तोंडात घालून उभा. जेटीवरून तोच खारवी ओरडला, ‘काय झालं गुरुजी?’ मी ओरडलो, ‘चटका बसला रे, चटका!’ त्याला वाटलं इंगळी डसली. धावत आला बिचारा. मी त्याच्या गळ्यात पडलो. आता संध्याकाळपर्यंत गावात काय काय पसरेल ते पसरू दे. ह्या खेपेला मीच आत्मारामच्या दुकानात जाऊन सांगणार आहे, आणि नुसतं चटक्याचंच नाही.

घरी आलो तर मनस्विनी देवरुखहून आलेली, ओवी खळ्यात सुपात बसली होती. त्याच सुपात. मी हातपाय धुतले आणि तिला उचलली. तिला नवीन दात आलेत. तिने पहिलं काम काय केलंन, तर माझा हुळहुळलेला अंगठा धरून चावलान. मी बोंब मारली. पोर दचकून रडायला लागली, तिच्याबरोबर तिची आई, आणि मामीने तर ताकाचं भांडंच सांडलंन.

फिरकीवरचा गुंता सोडवलेला नाही. तसाच ठेवलाय, तू येशील तेव्हा दाखवायला. अंगठ्यावर चांगला टपोरा फोड आलाय. मामी लोणी घेऊन मागे लागली आहे, मी म्हटलं, रात्री लाव. आत्ता नको. जरा दुखू दे.

तुझा मामा,
राजाभाऊ